आठ दिवसांची मुदत

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी विरार लोकलमध्ये होतो. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये, खाडीच्या पुलावर. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला आहे त्यांना ठाऊक आहे की तिथे फोन वाजणं वेगळं आणि खिशातून फोन काढता येणं वेगळं. मीरा रोड येईपर्यंत सात मिस्ड कॉल झाले होते.

आमची कंपनी पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. एका पतपेढीच्या काही शाखांमध्ये काउंटर उघडत नव्हते. मजा म्हणजे सगळ्या शाखा बंद नव्हत्या. ज्यांनी सकाळी लवकर कॉम्प्युटर सुरू केले त्यांचं काम सुरळीत चाललं होतं, उशिरा आलेल्यांना डेटाबेस आत घेत नव्हता. एका शाखेचे व्यवस्थापक मला म्हणाले, "साहेब, बाहेर म्हातारी माणसं उभी आहेत. औषधाला पैसे काढायचेत म्हणतात. त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "पंधरा मिनिटं सांगा."

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. सगळं चालू झालं. हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना काढा आहे आणि त्याचा दोषही जुनाच आहे: रोग जातो, पण कशाने झाला होता ते कळत नाही. ते कळायला मला पुढचे दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत मी एक चुकीची दुरुस्ती केली, एक खोटा अहवाल लिहिला, आणि १७३९ सालच्या एका तहाबद्दल वाचलं. हा लेख या तिन्हींबद्दल आहे.

विहिरीवरची पाळी

आधी बिघाड काय होता ते सांगतो. कोड न लिहिणाऱ्यांनी घाबरू नये.

आमचं घर आगाशीला. आजोबांच्या वेळी वाडीला सामाईक विहिरीचं पाणी होतं आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. आपली पाळी झाली की पाट बंद करायचा आणि शेजारच्याला हाक मारायची. पाट उघडा टाकून कोणी घरी गेला तर त्याच्या केळी बुडायच्या आणि शेजाऱ्याच्या सुकायच्या. भांडणं व्हायची ती पाणी कमी असल्यामुळे क्वचित, पाट बंद न केल्यामुळे बऱ्याचदा.

डेटाबेसचं कनेक्शन म्हणजे ही पाळी. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस, जो आम्ही वापरतो, प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस उभी करतो. म्हणून त्याला मर्यादा लागते. आपण काही बदललं नाही तर ती १०० असते आणि त्यातली ३ प्रशासकासाठी राखीव. उरली ९७.

दिवसभराच्या कामात आमची साधारण ५० कनेक्शन लागत. मग बाकीची गेली कुठे?

आमच्या मुख्य प्रोग्रामला व्याजाची, अहवालांची अशी वेगवेगळी मॉड्यूल जोडलेली आहेत. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे एक लायब्ररी. मुख्य प्रोग्राम चालू असताना ती मेमरीत चढवता येते, तशीच उतरवताही येते. वर्षअखेरीच्या धांदलीत व्याजाच्या मॉड्यूलमध्ये रोज बदल होत होते. त्यामुळे रोज रात्री जुनं मॉड्यूल उतरवून नवं चढवलं जाई, सर्व्हर बंद न करता. हे मॉड्यूल स्वतःची ४ कनेक्शन उघडायचं. उतरताना मात्र ती बंद करत नव्हतं.

हिशोब करा. रोज ४. अकराव्या रात्री ५० अधिक ४४, म्हणजे ९४. बाराव्या रात्री विहीर संपली. सोमवार ही बारावी सकाळ होती.

इथे एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. लायब्ररी उतरली म्हणजे तिने उघडलेल्या गोष्टी आपोआप मिटत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने कनेक्शन लायब्ररीचं नसतं, सगळ्या प्रोसेसचं असतं. लायब्ररीचा कोड मेमरीतून पुसला जातो, पण सॉकेट उघडाच राहतो. आता ते कनेक्शन वापरायला कोणी नाही, बंद करायला कोणी नाही, आणि डेटाबेसला मात्र वाटतं की पलीकडे कोणीतरी आहे. डेटाबेसच्या बाजूने "आहेस का?" अशी विचारणा झाली तरी पलीकडचा कर्नल इमानदारीने "आहे" म्हणतो, कारण प्रोसेस जिवंत आहे. घर रिकामं, पण ओट्यावरचा दिवा चालू.

अहवाल

आमच्याकडे अशा घटनेनंतर अहवाल लिहावा लागतो. त्यात 'मूळ कारण' नावाचा रकाना असतो.

व्याजाचं मॉड्यूल ज्याने लिहिलं होतं तो माझा सीनियर. मी नवा असताना त्याच्या शेजारी बसायचो. डीबगर कसा लावायचा, लॉग कसा वाचायचा हे त्याने शिकवलं. घटनेच्या चार महिने आधी त्याला कंपनीने काढलं होतं. गुरुवारी दुपारी तीनला एका खोलीत बोलावलं. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा त्याचा लॅपटॉप लॉक झाला होता. खण रिकामा करताना सोबत एक माणूस उभा होता. आम्ही काही जण लिफ्टपर्यंत गेलो. काय बोलावं ते कोणालाच सुचलं नाही.

मी रकान्यात लिहिलं: 'मॉड्यूलच्या मूळ लेखकाने कनेक्शन बंद करण्याचा कोड लिहिलेला नव्हता.' खाली त्याचं नाव.

वाक्य अक्षरशः खरं होतं आणि कोणालाही त्रासाचं नव्हतं. जो इथे नाही तो उत्तर द्यायला येणार नव्हता.

दुरुस्तीही मी त्याच दिवशी केली. सी भाषेत लायब्ररीला 'उतरताना हे चालव' असं सांगता येतं. त्या जागी मी चार ओळी लिहिल्या: चारही कनेक्शन बंद कर. घरी जाताना हलकं वाटत होतं.

गुरुवारी रात्री मुख्य प्रोग्राम कोसळला.

आवरण्याचा इतिहास

'जाताना आवरून जा' हे संगणकाला शिकवायला माणसांना चाळीसेक वर्षं लागली आहेत आणि अजून धडा संपलेला नाही.

१९७९ मध्ये ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी सी भाषेत क्लास आणायला सुरुवात केली, ज्याची पुढे सी प्लस प्लस झाली. त्यांच्या रचनेत जन्माच्या फंक्शनला मरणाच्या फंक्शनची जोड होती. वस्तू तयार होताना जे घेतलं ते वस्तू नष्ट होताना परत द्यायचं. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की कोणीतरी ती शोधून काढली असेल असं मनातही येत नाही.

१९८९ मध्ये सी भाषेचं पहिलं प्रमाण ठरलं. त्यात 'अ‍ॅटएक्झिट' नावाची सोय होती: प्रोग्राम संपताना चालवायची फंक्शनं आधीच नोंदवून ठेवा. नियम असा की जे शेवटी नोंदवलं ते आधी चालेल. उलटा क्रम. पाहुणे आले की आधी सतरंजी, मग पाट, मग ताटं मांडायची, आणि आवरताना आधी ताटं उचलायची. सतरंजी आधी ओढली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

त्याच सुमारास, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, सन कंपनीच्या युनिक्समध्ये चालू प्रोग्रामला लायब्ररी जोडण्याची आणि काढण्याची फंक्शनं आली: 'डीएलओपन' आणि 'डीएलक्लोज'. आता प्रश्न अवघड झाला. पूर्वी सगळं घर एकदम आवरायचं होतं, आता चालत्या घरातली एकच खोली रिकामी करायची होती.

आणि बहुतेकांनी येण्याची वाट नीट बांधली, जाण्याची नाही. जावाचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये जावात डेटाबेसशी बोलण्याची प्रमाण पद्धत आली. तिच्यात डेटाबेसचा ड्रायव्हर मेमरीत चढला की स्वतःचं नाव मध्यवर्ती यादीत घालतो. जाताना नाव काढायचं तर कोणीतरी आठवणीने काढावं लागतं. वेब अ‍ॅप्लिकेशन उतरवलं तरी यादीतलं ते एक नाव त्याला धरून ठेवतं आणि अख्खं अ‍ॅप्लिकेशन मेमरीत लोंबकळत राहतं. टॉमकॅट या सर्व्हरला शेवटी स्वतःहून अशी नावं खोडायची आणि लॉगमध्ये तक्रार लिहायची सोय करावी लागली. ती तक्रार पाहिली नाही असा जावा प्रोग्रामर विरळा.

जावात 'फायनलाइझ' नावाचीही एक सोय होती: वस्तू कचऱ्यात जाण्याआधी भाषा तुमचं आवरण्याचं फंक्शन चालवेल. कधी चालवेल? सांगता येत नाही. नक्की चालवेल का? तेही नाही. वीस वर्षं लोकांनी त्यावर भरवसा ठेवून मार खाल्ला. २०१७ मध्ये जावा ९ ने ही सोय नापसंत ठरवली आणि २०२२ मध्ये ती काढून टाकण्याच्या यादीत गेली. मधल्या काळात भाषांनी सरळ रस्ता धरला होता. २००६ मध्ये पायथनमध्ये 'विथ' आलं, २०११ मध्ये जावा ७ मध्ये तशीच रचना आली. दोन्हींचा अर्थ एकच: ही वस्तू इथे उघडली, इथेच मिटणार, आणि कुठे मिटणार ते वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसणार.

काहींनी तर हातच जोडले. मसल नावाच्या सी लायब्ररीत 'डीएलक्लोज' मुद्दामच काही करत नाही. लायब्ररी एकदा चढली की प्रोग्राम संपेपर्यंत राहते. गो भाषेतले प्लगिनही एकदा घेतले की सोडता येत नाहीत. हा आळस नव्हे. सुरक्षित निरोप देणं इतकं अवघड आहे की निरोपच नको, असा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

हे सगळं मी वाचलं ते गुरुवारच्या रात्रीनंतर. माझ्या चार ओळींनी दोन चुका केल्या होत्या.

पहिली: व्याजाच्या मॉड्यूलचा एक धागा पार्श्वभूमीला काम करत होता. मी त्याला थांबायला सांगितलंच नव्हतं. कनेक्शन बंद झाली, लायब्ररी उतरली आणि धागा पुढची सूचना वाचायला गेला तर त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. पायाखालची जमीन गेली म्हणतात, ती अशी.

दुसरी चूक ती निस्तरताना सापडली. सगळा प्रोग्राम बंद होताना माझा कोड कनेक्शन बंद करायला निघे. ते कनेक्शन कूटबद्ध असल्याने निरोपाचा संदेशही कूटलेखनाच्या लायब्ररीतून जावा लागतो. ती लायब्ररी अ‍ॅटएक्झिटमध्ये नोंद करून बसलेली होती आणि माझ्या आधीच आवरून गेली होती. मी सतरंजी ओढल्यावर ताटं उचलत होतो.

विंडोजवर लिहिणाऱ्यांना हे दुखणं आणखी जुनं आहे. तिथे लायब्ररी उतरताना जे फंक्शन चालतं त्याच्याभोवती सिस्टीमचं एक कुलूप असतं. तुम्ही आत बसून दुसऱ्या धाग्याची वाट पाहता आणि तो धागा बाहेर पडण्यासाठी त्याच कुलपाची वाट पाहतो. दोघंही दारात अडकतात. म्हणून मायक्रोसॉफ्ट वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की तिथे जवळजवळ काहीच करू नका.

म्हणजे ज्या क्षणी तुम्ही जात असता तो आवरण्याचा क्षण नव्हे. आवरणं त्याआधी व्हायला हवं. हे वाक्य मला कोडमध्ये नाही, वसईच्या किल्ल्यात पटलं.

किल्ल्यातला रविवार

त्या रविवारी पुण्याहून मामेभाऊ आला होता. त्याला किल्ला पाहायचा होता. आगाशीचा माणूस वसईचा किल्ला फक्त पाहुण्यांबरोबर पाहतो, तसा मीही निघालो.

इथला इतिहास शाळेत दोन ओळींत संपतो. आमच्या गावाचं नाव त्यात आधीच्या पानांवर येतं. आगाशी हे जहाजबांधणीसाठी नावाजलेलं बंदर होतं आणि १५३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते जाळलं. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशेहून अधिक वर्षं ते इथे होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी मोहीम उघडली, आमच्या समोरचा अर्नाळा घेतला, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. तटाला सुरुंग लावले, खिंडारं पाडली. मराठ्यांची माणसं हजारोंनी कामी आली. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला आणि किल्ल्यातल्यांनी बोलणी सुरू केली.

एवढं मला माहीत होतं. वेढा, सुरुंग, विजय. पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं. पडक्या चर्चच्या सावलीत बसून मामेभावाने मोबाईलवर वाचायला सुरुवात केली आणि मी त्याच्या हातातून फोन घेतला.

१६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या कलमांवर सह्या झाल्या. पोर्तुगीजांच्या बाजूने सही करणारा कायतानो द सूझा परेरा नावाचा कॅप्टन होता, कारण त्याच्या वरचे अधिकारी लढाईत पडले होते. कलमांचा गाभा असा: शहर सोडायला आठ दिवसांची मुदत. सैन्याने शस्त्रांसह, वाजतगाजत, निशाणं घेऊन बाहेर पडावं. कुटुंबं आणि नेता येईल ती चीजवस्तू सोबत न्यावी. दोन्हीकडच्या कैद्यांना सोडावं. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यावा.

२३ मे रोजी किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण चढलं. निघालेले पोर्तुगीज मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

मी कोड लिहिणारा माणूस आहे. मला त्यात तह नंतर दिसला, आधी क्रम दिसला. पहिल्यांदा नवं काम थांबलं, म्हणजे तोफा. मग अर्धवट व्यवहार मिटले, म्हणजे कैदी. मग ज्याचं त्याने उचललं. मग माणसं बाहेर पडली. आणि सगळ्यात शेवटी निशाण उतरलं. कुठेही आधी निशाण आणि मग माणसं असं झालं नाही.

आणि मुदत. शून्य दिवस नाही, 'सावकाश जा' असंही नाही. आठ दिवस. आज सर्व्हर चालवणारी कुबरनेटीस नावाची यंत्रणा एखादा प्रोग्राम बंद करताना नेमकं हेच करते. आधी 'सिगटर्म' नावाचा निरोप पाठवते: आवरा. आपण वेगळं सांगितलं नाही तर ३० सेकंद थांबते. तेवढ्यात नाही आवरलं तर 'सिगकिल', ज्याला हरकत घेता येत नाही. मुदत नसेल तर आवरता येत नाही, मुदतीला अंत नसेल तर कोणी आवरत नाही.

याला उदारपणा म्हणून फार डोक्यावर घेऊ नये. मेचा मध्य होता, पावसाळा पंधरा-वीस दिवसांवर आला होता. वेढ्यात माणसं इतकी गेली होती की गल्लोगल्ली लढायची हौस कोणालाच नसणार. नीट निरोप देणं हे त्या वेळी सर्वांत स्वस्त होतं. पण हेच मला जास्त पटलं. जिवावर उठलेल्या शत्रूला आठ दिवस दिले, कारण नाहीतर नंतर जे निस्तरावं लागलं असतं ते महाग पडलं असतं. आणि आमच्या सीनियरला, ज्याने सहा वर्षं कंपनीचा पाया रचला, अर्धा तास.

राहिलेल्या घंटा

इतकं नीट आवरूनही मागे राहायचं ते राहतंच.

वसईच्या परिसरातल्या चर्चमधल्या घंटा विजयानंतर महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच मानतात, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा १७०७ची. भीमाशंकरलाही एक आहे. ज्यांनी ओतल्या त्यांना त्या सोबत नेता आल्या नाहीत. आज त्या वेगळ्या देवासाठी वाजतात, आणि बऱ्या वाजतात.

शब्दही राहिले. आम्ही सकाळी पाव खातो, दाराला बिजागरी लावतो, घमेल्यातून माती वाहतो, चावी हरवतो आणि महिनाअखेरीला पगाराची वाट पाहतो. हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. सत्ता उतरवली गेली, तिचे शब्द आमच्या मेमरीत आहेत. आणि जे लोक राहिले त्यांची गावं, त्यांच्या बोली, त्यांचे नाताळचे कंदील आजही आगाशीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मागे राहिलेली प्रत्येक गोष्ट गळती नसते. घंटेला नवा मालक मिळाला म्हणून ती घंटा राहिली. आमच्या ४४ कनेक्शनना मालकच नव्हता. फरक एवढाच.

दोन वाजून चाळीस मिनिटं

सोमवारी मी ऑफिसला जाऊन चार ओळी काढून टाकल्या आणि मॉड्यूलचा जुना इतिहास उघडला. कोडचा प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद असते. मला फक्त पार्श्वभूमीचा तो धागा केव्हा आला हे पाहायचं होतं.

सीनियरच्या नावाची एक शाखा तिथे पडून होती, मुख्य कोडमध्ये कधीच न मिसळलेली. शेवटची नोंद त्याच्या शेवटच्या गुरुवारची, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांची. शेरा: 'अर्धवट. चाचणी बाकी.'

आत एक फंक्शन होतं, मॉड्यूल उतरवण्याआधी मुख्य प्रोग्रामने स्वतः बोलवायचं. वर टिप्पणीत त्याने क्रम लिहिला होता: नव्या विनंत्या घेणं थांबव. चालू व्यवहार पूर्ण होऊ दे, ठरलेल्या वेळेत नाही झाले तर उलटव. धाग्याला थांबायला सांग आणि तो थांबेपर्यंत थांब. मग कनेक्शन बंद कर. मगच उतर. आणि एक ओळ जी मला सुचलीच नसती: कनेक्शन ज्या प्रोसेसने उघडलं तिनेच बंद करावं. प्रोसेसला पोर झालं की पोराच्या हातात आईच्या कनेक्शनची प्रत येते. पोराने शहाणपणाने ते बंद केलं की डेटाबेस आईचं कनेक्शन तोडतो. म्हणून आधी आपला प्रोसेस क्रमांक तपासायचा, आपलं नसेल तर हात लावायचा नाही.

मी खुर्चीत मागे टेकलो. मग आणखी एक नोंद शोधली. रोज रात्री सर्व्हर बंद न करता मॉड्यूल बदलायची पद्धत कोणी सुरू केली?

त्याच्या काळात मॉड्यूल महिन्यातून एकदा बदलायचं आणि त्या वेळी सर्व्हर पूर्ण बंद व्हायचा. प्रोसेस मेली की कर्नल सगळे सॉकेट मिटवतो. पलीकडे डेटाबेस अर्धवट व्यवहार उलटवतो. त्याच्या कोडला तेवढं पुरेसं होतं. न थांबता बदलण्याची सोय तो गेल्यावर अडीच महिन्यांनी आली होती. नोंदीतलं नाव माझं होतं.

त्याला पुढचं दिसलं होतं आणि त्याने तयारी सुरू केली होती. त्याला वीस मिनिटं कमी पडली नव्हती, एक हस्तांतरण कमी पडलं होतं. आठ दिवस नकोत, दोन दिवस मिळाले असते तरी त्याने ती शाखा दाखवून मला म्हटलं असतं, "हे लक्षात ठेव रे."

दुरुस्ती

त्याचं फंक्शन मी पूर्ण केलं, चाचण्या लिहिल्या. आता आमचा मुख्य प्रोग्राम मॉड्यूल उतरवण्याआधी त्याला सांगतो आणि वीस सेकंद वाट पाहतो. मॉड्यूल 'झालं' म्हणालं तरच ते उतरतं. नाही म्हणालं तर आम्ही ते मेमरीत राहू देतो आणि लॉगमध्ये ओरडतो. अडकलेलं मॉड्यूल थोडी मेमरी खातं. घाईने उतरवलेलं मॉड्यूल सगळा प्रोग्राम पाडतं.

डेटाबेसच्या बाजूनेही दोन वेळा बांधल्या. व्यवहार उघडा ठेवून गप्प बसलेल्याला ठरावीक वेळाने हाकलायची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून आहे. नुसतंच गप्प बसलेल्यालाही हाकलायची सोय २०२१ मध्ये आली. पाट उघडा टाकून गेलेल्याचा पाट विहिरीवरच्या माणसाने बंद करायचा. मात्र हा शेवटचा उपाय. यावर विसंबून बेफिकीर राहिलात तर एक दिवस तो कामात असलेल्याचाच पाट बंद करेल.

मग अहवाल उघडला. तो दोन आठवड्यांपूर्वीच मंजूर होऊन गेला होता. कोणी पुन्हा वाचणार नव्हतं. मूळ कारणाच्या रकान्यातलं नाव काढलं आणि लिहिलं: 'मॉड्यूल न थांबता बदलण्याची पद्धत मी सुरू केली, तेव्हा उतरण्याआधी आवरण्याची व्यवस्था आहे का हे मी तपासलं नाही. अशा व्यवस्थेचं काम मूळ लेखकाने सुरू केलं होतं. ते पूर्ण होण्याआधी त्यांना जावं लागलं आणि हस्तांतरण झालं नाही.'

मॅनेजरने बोलावलं. शेवटचं वाक्य गरजेचं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, ते मूळ कारण आहे. ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं, राहू दे."

त्या रात्री विरारला उतरून रिक्षाच्या रांगेत उभा असताना सीनियरला मेसेज केला. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्याच्या शाखेचं सांगितलं, ती आता मुख्य कोडमध्ये गेली आहे, नोंदीत त्याचं नाव तसंच ठेवलं आहे, हेही सांगितलं.

आगाशीला पोचेपर्यंत उत्तर आलं होतं. एकच ओळ.

'प्रोसेस क्रमांक तपासलास ना?'